बर्फाच्या सकाळी शाळा बंद, उशिरा की वेळेवर?

पागोळी

नमस्कार मंडळी. आमच्या शाळेच्या पालक समितीत हिवाळ्याचे नियम नव्याने ठरवायचं चाललंय आणि पुढच्या बैठकीत प्रत्येकाने मत द्यायचं आहे. प्रश्न असा, की रात्रीतून बर्फ पडला तर सकाळी शाळेने काय करावं? पूर्ण दिवस सुट्टी द्यावी, दोन तास उशिरा भरवावी, की वेळेवर उघडून ज्यांना जमेल त्यांनी यावं म्हणावं?

मला वाटतं सुट्टी फार चटकन दिली जाते. निरोप येतो साडेसहाला. तोवर मुलगी आवरून बसलेली, हे कामाला निघून गेलेले, आणि मी फोन घेऊन हिला कुठे ठेवता येईल याची शोधाशोध करत असते. दहापर्यंत रस्ते मोकळे होतात, अकराला लख्ख ऊन पडतं. अशा दिवशी दोन तासांनी शाळा भरली असती तर काय बिघडलं असतं? पण बैठकीत कुणी "मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे" म्हटलं, की सगळे गप्प होतात. म्हणून इथे विचारतेय. शिक्षक, बस चालवणारे, रस्त्यांच्या कामातलं कुणी असेल तर जरूर लिहा.

लोकरीचा_मोजा

उशीर. वादळ असेल तरच सुट्टी.

आठवी_ब

मी विद्यार्थी आहे, मला मत देता येतं का? सुट्टी!! आमच्या वर्गात सगळे बर्फाच्या आदल्या रात्री नाइट ड्रेस उलटा घालून झोपतात, काही जण उशीखाली चमचा ठेवतात. मागच्या वेळी उपयोग झाला.

खडूफळा

@आठवी_ब, चमच्याबद्दल वर्गात बोलू :)

पागोळीताई, मी बरीच वर्षं शिकवतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या तीन पर्यायांत सर्वांत वाईट तिसरा आहे: शाळा उघडी आणि ज्यांना जमेल त्यांनी यावं. ऐकायला तो सगळ्यांत समजूतदार वाटतो. प्रत्यक्षात तीसच्या वर्गात तेरा-चौदा मुलं येतात. त्यांना नवीन धडा शिकवला तर दुसऱ्या दिवशी उरलेल्यांसाठी पुन्हा शिकवायचा, आणि न शिकवावा तर एवढ्या बर्फातून धडपडत आलेल्यांनी दिवसभर काय करायचं? बहुतेक वेळा त्यांना चित्रं काढायला देतो किंवा काहीतरी दाखवत बसतो. आलेल्यांचाही दिवस जातो, न आलेल्यांचाही.

शिवाय शिक्षकही कुठूनतरी येतच असतात. आमच्यातल्या अर्ध्याअधिक जणी शाळेच्या गावात राहत नाहीत. त्या पोचल्या नाहीत तर दोन-दोन वर्ग एकत्र बसवायचे, कधी सभागृहात सगळ्यांना कोंबायचं. त्या दिवशी शाळा नावापुरतीच उघडी असते.

पूर्ण बंद असेल तर मी दुसऱ्या दिवशी जिथे थांबले तिथून सगळ्यांना बरोबर घेऊन पुढे जाते.

आकडेमोड

खडूफळा यांनी अनुभवातून जे लिहिलंय त्याला अभ्यासाचा आधार आहे. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेल्या जोशुआ गुडमन यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या शाळांची २००३ ते २०१० या काळातली माहिती तपासली होती, शोधनिबंध २०१४ चा. बर्फामुळे शाळा पूर्ण बंद राहिल्याचा परीक्षेतल्या गुणांवर परिणाम दिसला नाही. एकेकट्या मुलांच्या गैरहजेरीचा मात्र दिसला, विशेषतः गणितात. जोरदार बर्फ झाला की शाळा बंद होते आणि सगळे एकाच जागी थांबतात. मध्यम बर्फ झाला की शाळा चालू राहते आणि थोडी थोडी मुलं गळतात. नुकसान होतं ते या दुसऱ्या प्रकारच्या दिवशी.

निरभ्र

@आकडेमोड, एकाच अभ्यासावर एवढा भरवसा टाकू नका. मेरीलँडमध्ये डेव्ह मार्कॉट यांचं काम आहे, २००७-०८ च्या आसपासचं. तिथे उलटं दिसलं होतं. ज्या हिवाळ्यात शाळा जास्त दिवस बंद राहिल्या, त्या वर्षी उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण घसरलं, लहान वर्गांत जास्त. परीक्षा वसंतात होते आणि बुडालेले दिवस भरून काढतात जूनमध्ये, म्हणजे परीक्षा होऊन गेल्यावर. ते दिवस मोजायला भरले, शिकायला नाही.

त्यामुळे सुट्टीची काहीच किंमत मोजावी लागत नाही असं म्हणता येणार नाही. एखाद-दुसरी सहज पचते. एकाच हिवाळ्यात आठ-दहा झाल्या आणि त्याही परीक्षेच्या तोंडावर, तर प्रश्न वेगळा आहे.

आकडेमोड

मान्य, मार्कॉट यांचं काम मलाही माहीत आहे. गुडमन यांचा आक्षेप हाच होता, की बर्फाळ वर्षात बंद शाळा आणि गैरहजेरी दोन्ही एकदम वाढतात आणि आधीच्या अभ्यासांत ती वेगळी काढलेली नव्हती. पण परीक्षेच्या तारखेचा मुद्दा तुमचा बरोबर आहे. पागोळीताई, बुडालेला दिवस कधी भरून काढणार हे नियमात आधीच लिहून घ्या.

रस्तेवाला

मी रस्ते विभागात आहे. बर्फाच्या रात्री आमची माणसं बर्फ काढायच्या मशीनवर असतात आणि पहाटे शाळेच्या साहेबांचा फोन आम्हालाच येतो. दोन तासांत एवढा काय फरक पडतो असं बरेच जण विचारतात, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट उजेड. हिवाळ्यात बसची पहिली फेरी काळोखातच निघते. दुसरी, दिवसातलं सर्वांत कमी तापमान साधारण सूर्योदयाच्या सुमारास असतं, म्हणजे नेमकं मुलं थांब्यावर उभी असतात तेव्हा. तिसरी गोष्ट मीठ, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात ते. साधं मीठ रस्त्याच्या पृष्ठभागाचं तापमान उणे नऊ अंशांच्या आसपास जाईपर्यंत बरं काम करतं, त्याखाली ते मंदावतं आणि मग कितीही टाकलं तरी उपयोग बेताचाच. वर उन्हाची तिरीप आली आणि पारा दोन-तीन अंशांनी चढला, की पहाटे टाकलेलं तेच मीठ कामाला लागतं. चौथी, ऑफिसची गर्दी तोवर ओसरलेली असते. गाड्यांच्या रांगेत अडकलेलं मशीन बर्फ काढू शकत नाही.

आणि क्रम असतो. आधी महामार्ग, मग रुग्णालय आणि अग्निशमन दलाचे रस्ते, मग बस जाते ते मोठे रस्ते, शेवटी वस्तीतल्या गल्ल्या. मुलं राहतात गल्ल्यांत. दहा वाजता मोकळा दिसणारा रस्ता सात वाजता मोकळा नव्हता, हे घरात बसून कळत नाही. पागोळीताई, तुम्हाला अकराला दिसलेलं लख्ख ऊन पहाटे साडेचारला फोनवर कुणाला दिसत नसतं. तेव्हा हातात असतो फक्त अंदाज.

पण माझंही मत उशिराकडेच झुकतं. नुसता बर्फ असेल तर दोन तास आम्हाला खूप होतात. गारठून गोठणारा पाऊस असेल तर पुरत नाहीत. तो पडला की सरळ बंद करा. बर्फावर टायर थोडा तरी धरतो, त्या पातळ काचेसारख्या थरावर अजिबात नाही. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेत, स्पष्ट लिहिलंय, की बर्फाळ रस्त्यावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागू शकतं.

लोकरीचा_मोजा

रस्तेवाला दादा, हा प्रतिसाद आमच्या वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते. तिथे दर वेळी "माझ्या खिडकीतून तर रस्ता दिसतोय" यावर भांडण होतं.

उत्तरवारा

मला हे सगळं अति वाटतं. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे इथे महिनोन् महिने बर्फ असतो, तिथे कुठे शाळा बंद होतात? मुलं अंधारात चालत जातात, घसरतात, उठतात. आपण मुलांना काचेच्या कपाटात ठेवायला लागलो आहोत. बर्फ ही काही आपत्ती नव्हे, तो ऋतू आहे. कपडे नीट घाला, वेळेआधी निघा, शाळा वेळेवर.

रस्तेवाला

उत्तरवारा, कपडे आणि वेळेआधी निघणं, दोन्ही शंभर टक्के मान्य. पण तिथे शाळा चालू राहते त्यामागे तयारी आहे. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर हिवाळी टायर कायद्याने लागतात. कॅनडात क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च सक्ती आहे. त्या गावांकडे यंत्रं आहेत, माणसं आहेत, चालवणाऱ्यांना लहानपणापासूनची सवय आहे. जिथे वर्षातून दोनदा बर्फ पडतो तिथे एवढा ताफा कुणी पोसत नाही. त्यामुळे "किती सेंटिमीटरला बंद करायचं" याचा सगळ्या गावांना लागू पडेल असा आकडा निघणारच नाही.

जुनी_नोंदवही

रस्तेवाला म्हणतात त्याचं ठळक उदाहरण अमेरिकेतल्या अटलांटा शहराचं. २८ जानेवारी २०१४. बर्फ जेमतेम दोन-अडीच इंच. सकाळी शाळा, ऑफिसं सगळं नेहमीसारखं उघडलं. दुपारी बर्फ सुरू झाला आणि शाळा, सरकारी कार्यालयं, खासगी कंपन्या सगळ्यांनी जवळपास एकाच वेळी सोडलं. लाखो गाड्या एकदम रस्त्यावर, त्यामुळे मीठ टाकणाऱ्या गाड्यांनाही पुढे सरकता येईना, आणि चाकांखालचा बर्फ दाबला जाऊन त्याचा गुळगुळीत थर झाला. दोन हजारांहून जास्त मुलांनी ती रात्र शाळेत काढली, काही मुलं रात्री उशिरापर्यंत बसमध्ये अडकून होती. शिक्षक त्यांच्यासोबत थांबले. दोनच आठवड्यांनी, फेब्रुवारीत, दुसरं मोठं वादळ आलं तेव्हा तिथे आधीच सगळं बंद ठेवलं गेलं आणि रस्ते रिकामे राहिले.

याच्याही मागे गेलं तर १२ जानेवारी १८८८. अमेरिकेच्या मैदानी भागात, नेब्रास्का आणि डाकोटा टेरिटरीत, सकाळ इतकी उबदार होती की मुलं जाड कोट न घालता शाळेत आली. दिवसा अचानक हिमवादळ उतरलं. मृतांचा अंदाज २३५ चा दिला जातो आणि त्यांत शाळेतून घरी निघालेली कितीतरी मुलं होती. त्या वादळाचं नावच शाळेच्या मुलांवरून पडलं. नेब्रास्कातल्या मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेने आपल्या मुलांना सुखरूप आसऱ्याला नेलं, तिचं नाव आजही घेतात.

हे लिहायचं कारण असं, की आपण सगळे सकाळबद्दल बोलतोय. अपघात अनेकदा दुपारी अर्धी शाळा सोडण्यातून होतात. शाळा एकदा भरवली आणि मध्येच बर्फ सुरू झाला, तर घाईघाईने सोडण्यापेक्षा मुलांना आत ठेवणं बरं. शाळेची इमारत गरम असते, तिथे खायला असतं आणि मोठी माणसं असतात.

खडूफळा

@जुनी_नोंदवही, खूप महत्त्वाचं लिहिलंत. मध्येच सोडायचं ठरलं की आमच्यावर काय गुजरतं सांगते. प्रत्येक मुलाच्या घरी कुणीतरी मोठं आहे की नाही याची खात्री करायची, फोन लागत नाहीत, लहानगी रडतात, कुणाची किल्ली आईकडे असते. पहिलीतलं मूल कुलूपबंद घरासमोर बर्फात उतरवून बस पुढे गेली तर? मला ती भीती सकाळच्या कुठल्याही निर्णयापेक्षा जास्त वाटते.

दोन_पाळ्या

इथले बरेच प्रतिसाद वाचून वाटलं, की दोन तास उशीर सगळ्यांना सोयीचा असं गृहीत धरलंय. माझ्यासाठी तोच सर्वांत अवघड आहे. मी रुग्णालयात आहे, पाळी सातला सुरू होते. एकटीच आहे. पूर्ण सुट्टी असेल तर शेजारच्या ताई मुलाला दिवसभर ठेवून घेतात, तसं आमचं ठरलंय. पण साडेसात ते साडेनऊ कोण ठेवणार आणि मग बर्फातून शाळेत कोण पोचवणार? त्या ताईंना स्वतःचं काम आहे. घरून काम करणाऱ्यांना दोन तास म्हणजे कॉफीचा एक कप जास्त. ज्यांना तासावर पगार मिळतो त्यांना तो कापला जातो. माझ्या वॉर्डमध्ये मी उशिरा पोचले, तर रात्रपाळीची मुलगी थकलेली असूनही माझ्यासाठी थांबते.

म्हणून माझी विनंती वेगळी आहे. तास उशिरा सुरू करा, पण शाळेचं दार नेहमीच्या वेळेला उघडा. दोन शिक्षक आणि एक सेवक पुरेत. ज्यांना गरज आहे ती मुलं ग्रंथालयात बसतील.

पागोळी

@दोन_पाळ्या, हा मुद्दा आमच्या बैठकीत कधीच निघालेला नाही. नोकरदार आयांना सातच्या बैठकीला येताच येत नाही, हेही एक कारण असेल. दार वेळेवर उघडण्याचा मुद्दा मी नक्की घेतेय.

निरभ्र

दोन_पाळ्या यांच्या प्रतिसादाला जोडून जेवणाबद्दल सांगतो. बऱ्याच मुलांचं दिवसातलं भरवशाचं जेवण शाळेतलं असतं. अमेरिकेत शाळेच्या जेवण योजनेत रोज सुमारे ३ कोटी मुलं जेवतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना ते मोफत किंवा सवलतीत मिळतं. शाळा बंद म्हणजे ते बंद. दोन तास उशीर झाला तरी सकाळचा नाश्ता अनेक ठिकाणी रद्द होतो. उशिराच्या दिवशी निदान नाश्ता वगळू नका.

हिमरेषा

विषयाला फाटा फोडतेय, पण काश्मीरचं उदाहरण कुणीच दिलं नाही याचं नवल वाटलं. तिथे मोठी सुट्टीच हिवाळ्यात असते. डिसेंबरमध्ये शाळा मिटतात त्या साधारण मार्चच्या सुरुवातीला उघडतात. हिमाचलमध्ये उंचावरच्या आणि खालच्या भागांतल्या शाळांचे सुट्ट्यांचे दोन वेगळे गट आहेत, एका गटाला मोठी सुट्टी हिवाळ्यात, दुसऱ्याला उन्हाळ्यात. रोज सकाळी उठून आज काय करायचं हा प्रश्नच बराचसा मिटतो. उन्हाळ्यात दोन-अडीच महिने शाळा बंद ठेवणाऱ्या थंड देशांनी याचा विचार का करू नये?

उत्तरवारा

@हिमरेषा, कल्पना आवडली, पण मुलं मग तीन महिने घरात कोंडून? उन्हाळ्यात निदान बाहेर खेळता येतं.

आकडेमोड

शिवाय जिथे बर्फ सलग टिकतो तिथे हे जमतं. जिथे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत कधीही चार-सहा वेळा येऊन जातो, तिथे कुठले महिने बंद ठेवणार? पण हिमाचलसारखं उंचीप्रमाणे वेगळं ठरवणं इतरांनी घेण्यासारखं आहे. एकाच जिल्ह्यात डोंगरातल्या शाळेला आणि सखल भागातल्या शाळेला एकच निर्णय का?

पिवळी_बस

धागा वाचत होतो, आता राहवत नाही. शाळेची बस चालवतो.

पहाटे चारला उठून बस सुरू करतो. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठायला लागतं, फिल्टर बंद होतो आणि बस जागची हलत नाही. रस्ता कोरडा असला तरीही. असे दिवस बर्फाच्या दिवसांत मोजायला हवेत, ते कुणी मोजत नाही. मिनेसोटात ६ जानेवारी २०१४ ला राज्यपालांनी संपूर्ण राज्यातल्या सरकारी शाळा बंद ठेवल्या होत्या, कारण थंडी. वारा धरून उणे २८ सेल्सियससारखं जाणवत असेल, तर उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. आता विचार करा, बस वीस मिनिटं उशिरा आली आणि मूल हातमोजा विसरलंय.

दुसरं, चालक म्हणून मला पडणाऱ्या बर्फापेक्षा काढलेल्या बर्फाची भीती जास्त वाटते. मशीनने कडेला लावलेले ढिगारे माणसाच्या उंचीचे होतात. पदपथ त्याखाली गेलेला असतो म्हणून मुलं रस्त्यावर उभी राहतात, किंवा ढिगाऱ्यावर चढून खेळतात आणि घसरत थेट चाकाकडे येतात. मोठ्या बसच्या नाकासमोरचं लहान मूल मला आरशाशिवाय दिसत नाही. रस्तेवाला साहेब, तुमच्या माणसांना सांगा, थांब्याच्या जागी तरी ढीग लावू नका.

तिसरं, बस पोचत नाही म्हणून शाळा बंद करायची, की नुसती बस बंद करायची? कॅनडात ओंटारिओमध्ये बऱ्याच ठिकाणी पहाटे फक्त बस रद्द करतात, शाळा उघडीच राहते. चालत येणारी, आईवडील सोडणारी मुलं येतात. माझ्या मते हे बरं नव्हे. बसने येणारी मुलंच लांब राहतात आणि त्यांच्या घरी बऱ्याचदा दुसरी गाडी नसते. त्यांचाच दिवस बुडतो.

खडूफळा

पिवळी_बस, तुमच्या शेवटच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. बस रद्द आणि शाळा उघडी हा माझ्या तिसऱ्या पर्यायाचाच प्रकार. गैरहजेरी पडते ती नेहमी त्याच मुलांची.

रस्तेवाला

@पिवळी_बस, थांब्यांचा नकाशा आम्हाला दिला जातच नाही, ही खरी अडचण आहे. शाळेने हिवाळ्याआधी यादी पाठवली तर चालकांना ठिकाणं दाखवता येतील. पागोळीताई, हे तुमच्या समितीला सहज जमण्यासारखं आहे.

लोकरीचा_मोजा

ऑनलाइनबद्दल कुणीच बोललं नाही? करोनानंतर बर्फाच्या दिवशी घरूनच वर्ग घेतात ना बऱ्याच ठिकाणी.

आकडेमोड

घेतात. केंटकी राज्यात तर करोनाच्या बरंच आधीपासून घरी काम देऊन दिवस मोजण्याची सोय आहे. न्यूयॉर्क शहराने बर्फाची सुट्टीच रद्द करून ऑनलाइन दिवस आणले. १३ फेब्रुवारी २०२४ ला त्याची परीक्षा झाली आणि सकाळी एवढी मुलं-शिक्षक एकदम आत शिरू पाहत होते, की लॉगिनच तुंबलं. पुढे सुरळीत झालं, पण सकाळ गेली.

खडूफळा

मोठ्या मुलांना जमतं. पहिली-दुसरीच्या मुलांशेजारी कुणीतरी बसावं लागतं, म्हणजे आईची सुट्टी तशीही गेलीच. लॅपटॉप आदल्या दिवशी घरी नेलेला नसेल तर संपलं. वीज गेली तर संपलं. मी घरी करायच्या कामाचं एक कागदी पाकीट डिसेंबरमध्येच देऊन ठेवते. ते ऑनलाइन वर्गापेक्षा बरं चालतं, मुलं आपल्या वेळेने करतात.

आणि एक बोलते. बर्फाच्या दिवशी मुलांना बाहेर जाऊ द्या. बर्फाचा माणूस करणं, घसरगुंडी, शेजारच्या आजोबांच्या दारातला बर्फ काढणं. हे आपल्याला हवं तेव्हा ठरवून देता येत नाही, आणि स्क्रीनसमोर बसवून तो दिवस वाया घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

आठवी_ब

खडूफळा मॅडम, तुम्ही आमच्या शाळेत या!!

दोन_पाळ्या

@खडूफळा, खरंय. माझा मुलगा शेजारच्या ताईंच्या अंगणात दिवसभर खेळून आला की रात्री डोळे मिटेपर्यंत बोलत असतो.

उत्तरवारा

पिवळी_बस यांचं वाचून विचार करतोय. ढिगाऱ्यांबद्दल आणि आरशाबद्दल माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तरी मी म्हणेन, की एकदा बंद करायची सवय लागली की अंदाजावरच बंद होते, आणि बर्फ येतच नाही. आदल्या रात्री आठला सुट्टी जाहीर करून सकाळी कोरडा रस्ता, असं किती वेळा झालंय. मग लोकांचा विश्वास उडतो.

रस्तेवाला

होतं तसं. पण रात्री सांगितलेलं चुकलं तर लोकांची चिडचिड होते, सकाळी साडेसहाला सांगितलेलं चुकलं तर लोक आधीच रस्त्यावर असतात. मी दहा वेळा पहिली चूक पत्करेन. अंदाज पक्का असेल तर रात्री नऊच्या आत सांगा. डळमळीत असेल तर रात्री "दोन तास उशीर" एवढंच सांगा आणि बंद करायचं की नाही हे पहाटे साडेपाचपर्यंत ठरवा. लोकांना निदान एक गोष्ट पक्की माहीत राहते.

हिमरेषा

आणि ठरवणारा कोण? इंग्लंडमध्ये मुख्याध्यापक आपापल्या शाळेपुरतं ठरवतात, म्हणून एकाच घरातल्या दोन मुलांपैकी एकाला सुट्टी, एकाची शाळा. अमेरिकेत सुपरिंटेंडंट, म्हणजे जिल्ह्यातल्या शाळांचे प्रमुख अधिकारी, सगळ्या जिल्ह्यासाठी ठरवतात. दोन्हीकडे एकाच माणसावर ओझं. बंद केलं तरी शिव्या, उघडलं तरी शिव्या. त्या माणसाबद्दल मला सहानुभूती वाटते.

निरभ्र

म्हणूनच निकष आधी लिहिलेले हवेत. गोठणारा पाऊस आहे का, वारा धरून थंडी किती, गल्ल्या मोकळ्या झाल्यात का, किती शिक्षक पोचू शकतात, बस सुरू होतायत का. पहाटे त्यावर बोट ठेवता आलं तर शिव्याही कमी बसतील.

पागोळी

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस वाचतेय, वहीत उतरवून घेतलंय. बैठकीत असं मांडणार आहे:

नुसता बर्फ असेल तर दोन तास उशीर, पण दार नेहमीच्या वेळेला उघडं आणि नाश्ता चालू. गोठणारा पाऊस, कडाक्याची थंडी किंवा बस सुरू होत नसतील तर पूर्ण बंद. बस रद्द आणि शाळा उघडी असा दिवस नको. एकदा भरलेली शाळा दुपारी घाईने सोडायची नाही, आईवडील येईपर्यंत मुलं आत. निरोप रात्री नऊच्या आत, बदल असेल तर पहाटे साडेपाचला, त्यानंतर नाही. थांब्यांची यादी रस्ते विभागाला नोव्हेंबरमध्ये. बुडालेले दिवस परीक्षेआधी भरून काढायचे, आणि त्यासाठी वसंतातल्या दोन सुट्ट्या आधीच राखून ठेवायच्या.

"जिवाचा प्रश्न" म्हणून कुणी मला थांबवलं, तर आता मीही जिवाबद्दलच बोलेन. काही सुटलंय का?

निरभ्र

निरोप फक्त अ‍ॅपवर पाठवू नका. फोन आणि साधा मेसेजही हवा.

दोन_पाळ्या

बैठक संध्याकाळी सातला असेल तर माझं मत लेखी देते, वाचून दाखवाल का? माझ्यासोबतच्या आणखी दोघी-तिघींचंही आणते.

पागोळी

नक्की. सगळ्यांची पाठवा, सुरुवातीलाच वाचते.

पिवळी_बस

एक सुटलंय. उशिराच्या दिवशी बसची वेळ काय हे थांब्यानुसार लिहून द्या. "दोन तास उशिरा" एवढंच लिहिलं की निम्मे पालक जुन्या वेळेला दोन तास मिळवतात आणि निम्मे नव्या शाळेच्या वेळेतून अंदाजाने वजा करतात. मागच्या हिवाळ्यात एका थांब्यावर तीन लहान मुली माझ्या आधी पाऊण तास उभ्या होत्या. प्रत्येक थांबा, त्याची रोजची वेळ, त्यापुढे उशिराची वेळ, असा एक कागद हिवाळ्याआधी घरोघरी गेला पाहिजे. माझ्या मार्गाचा मी स्वतः करून देतो, बाकीच्या चालकांनाही सांगतो.